अमेरिकेत कॉपीराइट नोंदवला, त्याला आता नऊ महिने झाले

मी लहान मुलांसाठी लिहिते आणि धाकटी बहीण चित्रं काढते. आमचं पाळण्यांचं एक पुस्तक आहे. त्यात काही जुने पारंपरिक पाळणे, काही मी रचलेले नवे आणि पानोपानी तिची चित्रं. अमेरिकेतल्या मराठी घरांतून त्याला मागणी यायला लागली, तेव्हा तिथल्या कॉपीराइट ऑफिसात नोंदणी करून टाकावी असं ठरलं. आज दोन प्रमाणपत्रं हातात आहेत, आणि मधल्या काळात एकदा त्यांची गरजही पडली. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट, कारण ती मला फार उशिरा कळली. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. बर्न करार म्हणजे एकमेकांच्या लेखक-कलाकारांचे हक्क मानण्याचा देशांमधला करार. भारत १९२८ पासून त्यात आहे, अमेरिका १९८९ मध्ये आली. आपण लिहिलेलं, काढलेलं कागदावर उतरलं की तिथेही ते आपलंच. शिवाय जे पुस्तक आधी आपल्याकडे प्रकाशित झालंय, त्याच्यासाठी तिथल्या कोर्टात जायला नोंदणीची अट नाही. ती अट त्यांच्या स्वतःच्या कृतींना, म्हणजे तिथल्या पुस्तकं-चित्रांना आहे. मग पैसे कशासाठी भरायचे? तारखेसाठी. चोरी होण्याआधी, किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत नोंदणी झालेली असेल, तरच तिथलं कोर्ट कायद्यात ठरवून दिलेली भरपाई देऊ शकतं. ती एका कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर असते आणि जाणूनबुजून चोरी केली असेल तर १,५०,००० पर्यंत जाते. वकिलाचा खर्चही तेव्हाच मागता येतो. तारीख हुकली, तर आपलं नेमकं किती नुकसान झालं आणि समोरच्याने किती कमावलं हे सिद्ध करत बसायचं. परदेशात बसून ते कसं करणार?

हे तीन महिने मला माहीत नव्हते. मी एका एजंटाकडे गेले, सरकारी शुल्काच्या कितीतरी पट पैसे दिले आणि निवांत राहिले. सहा आठवड्यांनी त्याने अर्जाचा मसुदा पाठवला. लेखक म्हणून फक्त माझं नाव. बहिणीचं कुठेच नाही. दावा सगळ्या मजकुरावर, म्हणजे आजीच्या आजीने म्हटलेले पाळणेसुद्धा माझे! आणि प्रकाशनाची तारीख म्हणून छापखान्याच्या बिलावरची तारीख टाकलेली. प्रकाशन म्हणजे प्रती लोकांसाठी विक्रीला ठेवल्या तो दिवस, छपाई झाली तो नव्हे. फोन केला तर उत्तर मिळालं, 'ताई, एवढं कोण बघतं?' त्या वाक्यावर मी काम काढून घेतलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय की अजाणतेपणी झालेल्या चुकीमुळे, मग ती कायद्याच्या समजुतीतली असली तरी, नोंदणी बाद होत नाही. पण मला तर ती चूक दिसली होती. दिसल्यावर सही कशी करायची? आणि बहिणीचं नाव वगळून तर नाहीच.

कॉपीराइट ऑफिसच्या वेबसाइटवर स्वतः खातं उघडलं आणि अर्ज घेऊन बसले. एकाच लेखकाची, त्याच्याच मालकीची एकच कृती असेल तर ४५ डॉलरचा सोपा अर्ज चालतो. आम्ही दोघी, म्हणून ६५ डॉलरचा नेहमीचा अर्ज. शुल्क परत मिळत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी हे नीट बघावं. अर्ज रोमन लिपीतच भरावा लागतो. आमच्या पुस्तकाच्या नावात 'पाळणा' आहे. रोमनमध्ये 'ळ' नाही, 'ण' नाही, त्यामुळे पाळण्याचा पालना होतो. मला ते फार लागलं. शेवटी पर्यायी शीर्षकाच्या जागी नावाचं इंग्रजी भाषांतरही दिलं, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्ही वाटांनी सापडेल.

खरं काम पुढे होतं. जे आपलं नाही ते दाव्यातून वगळा, असा एक भाग अर्जात असतो. त्यासाठी मी आणि बहीण पुस्तक समोर ठेवून एक अख्खी दुपार बसलो. पेन्सिलीने समासात 'जु' आणि 'न' लिहीत गेलो, जुना आणि नवा. एका पाळण्याशी थबकलो. पहिली दोन कडवी आईने म्हटलेली, तिसरं मला आठवेना म्हणून मी रचलेलं, आणि इतक्या वर्षांत ते मला जुनंच वाटायला लागलं होतं. बहिणीने आठवण करून दिली, 'हे तू रचलंस, मी ऐकलंय.' आम्ही त्या कडव्यापुढे 'न' लिहिलं. अर्जात शेवटी असं गेलं: पारंपरिक पद्यं वगळलेली, नवा मजकूर माझा, चित्रं तिची, मालकी दोघींची. माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सगळ्यात मोलाचा तास हाच. कोणी काय केलं हे आम्ही बहिणी-बहिणींनी कधी कागदावर आणलंच नव्हतं.

छापील पुस्तक असेल तर फाईल अपलोड करून भागत नाही, प्रत पाठवावी लागते. आमच्यासारख्या अमेरिकेबाहेर प्रथम प्रकाशित झालेल्या पुस्तकाची एक पुरते. अर्ज झाला की पावतीसारखी एक चिठ्ठी छापायला मिळते, ती प्रतीला जोडायचीच, नाहीतर ही प्रत कुठल्या अर्जाची हे कळणार कसं? आणि इथे माझ्या पोटात गोळा आला. नोंदणीची तारीख म्हणजे अर्ज, शुल्क आणि प्रत ही तिन्ही तिकडे पोचतात तो दिवस. अर्ज भरला तो नव्हे. एजंटाने दीड महिना खाल्लेला. साधं टपाल टाळून कुरिअर केलं आणि रोज सकाळी ट्रॅकिंग बघत बसले. तीन महिने भरायला अकरा दिवस असताना पाकीट वॉशिंग्टनला पोचलं. प्रमाणपत्र पुढे पाच महिन्यांनी आलं, पण त्यावर तारीख पाकीट पोचल्याचीच आहे, त्यामुळे त्या पाच महिन्यांची काळजी करायचं कारण नव्हतं. सीडी किंवा फोटो पाठवणार असाल तर पाकिटाऐवजी खोक्यात घाला. तिथे येणाऱ्या टपालावर सुरक्षेसाठी किरणांचा मारा होतो, त्याने अशा वस्तू खराब होऊ शकतात.

बहिणीची दहा अप्रकाशित चित्रं वेगळी नोंदवली. एकाच लेखकाच्या दहापर्यंत अप्रकाशित कृती ८५ डॉलरमध्ये एका अर्जात जातात. फाईली अपलोड केल्या, पैसे भरले, त्याच दिवसाची तारीख मिळाली. ज्यांचं काम अजून प्रकाशित नाही त्यांनी हीच वाट धरावी. फोटोग्राफरांना तर ५५ डॉलरमध्ये ७५० फोटो एकत्र नोंदवता येतात.

एक सावधगिरी. अर्जातली माहिती सार्वजनिक नोंदीत जाते आणि मागाहून ती काढून घेणं सोपं नाही. घरचा पत्ता द्यायचा की कामाचा, हे आधी ठरवा. जन्मसाल ऐच्छिक आहे, आम्ही नाही दिलं.

आता उपयोगाचं. सातव्या महिन्यात एका वाचक ताईंनी तिकडून फोटो पाठवला. बाळाच्या दुपट्यावर आमच्या पुस्तकातलं चित्र, पाळण्याच्या दोरीला बसलेली चिमणी, अगदी तिच्या वाकड्या शेपटीसकट. एका ऑनलाइन दुकानात कुणीतरी विकत होतं. ते दुपटं हटवण्याची नोटीस दुकानाला पाठवली. अशा नोटिशीला नोंदणी लागत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण नोंदणी क्रमांक लिहिताना माझा हात थरथरला नाही, कारण विक्रेत्याने उलट दावा केला असता तर दहा-चौदा कामकाजी दिवसांत कोर्टात दावा दाखल करायची पाळी आमच्यावर आली असती, आणि तेव्हा ती तारीख हाताशी होती. उलट दावा आला नाही. दुपटं उतरलं. छोट्या दाव्यांसाठी तिथे २०२२ पासून कॉपीराइट क्लेम्स बोर्ड आहे, ३०,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथे वकिलाशिवाय करता येतात. पण समोरच्याला साठ दिवसांत त्यातून बाहेर पडायची मुभा असते, म्हणून सगळा भरवसा त्यावर ठेवू नये.

एकूण १५० डॉलर आणि कुरिअर. एजंटाचे पैसे गेले ते गेले. दुसरं पुस्तक आता छापखान्यात आहे. या वेळी 'जु' आणि 'न' हस्तलिखितातच लिहून ठेवलेत, आणि पहिली प्रत विक्रीला जाईल त्याच आठवड्यात दुसरी वॉशिंग्टनला रवाना होईल. प्रमाणपत्र बहिणीने तिच्या टेबलासमोर लावलंय. त्यावर तिचं नाव माझ्या नावाखाली, त्याच अक्षरात, तेवढंच मोठं छापलेलं आहे.