घोडा मारवाडी घ्यावा का काठियावाडी, का आपला भीमथडीच बरा?

मार्गशीर्षात नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा न तिथला घोड्यांचा बाजार जवळ आला की नांदेड परभणीकडची पोरं सुरू होतात, भाऊ घोडं घ्यायचंय, मारवाडी बघू का काठियावाडी. आणि बाजारात जाऊन बघतात काय, तर कान. कानाची टोकं एकमेकाला टेकली की लगेच खिशात हात! अरे पण दोन्हीचेबी कान आत वळतात, उलट काठियावाडीचे मारवाडीपेक्षा जरा जास्तच वळलेले असतात, त्यामुळं नुसत्या कानावर गेलात तर व्यापारी सांगेल ती जात.

त्यापेक्षा बाजूला उभं राहून तोंड बघा. मारवाडीचं तोंड लांब आणि सरळ, कधीकधी नाकाडावर हलका फुगवटा. काठियावाडीचं कपाळ रुंद, डोळ्याच्या खाली तोंड आत दबलेलं आणि मुस्काट आखूड, थोडं अरबी घोड्याकडं झुकणारं. दोन जनावरं शेजारी उभी करून एकदा बघितली की परत कुणाला विचारायची गरज पडत नाही.

मग उंची. बाजारात सगळं इंचात चालतं, आणि मोजायचं मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापाशी, डोक्यापाशी नाही (हे लई जण करतात). काठियावाडी साधारण ५८ इंचाच्या आसपास, ६० म्हणजे चांगलाच मोठा. मारवाडीबी ५८ ते ६२ मधला असतो, निवडून पैदास केलेले त्याच्याही वर जातात. म्हणजे कुणी ६४ इंचाचा काठियावाडी दाखवायला लागला तर त्यात दुसरं रक्त आहे का ते आधी विचारा. रंगाचंबी तसंच, काठियावाडीत अस्सल काळा रंग मिळत नाही असंच मानतात, त्यात मातकट रंगाची जनावरं बरीच, कुणाच्या पाठीवर गडद रेघ न पायावर पट्टे. मारवाडीत काळा मिळतो, आणि गंमत बघा, राजस्थानात जुनी माणसं काळ्याला अशुभ म्हणायची न आपल्याकडं त्याच काळ्यासाठी रांग लागते. पंचकल्याण म्हणजे चारी पाय न कपाळ पांढरं, त्याला सगळीकडंच भाव. नुकरा ही काहींना वेगळी जात वाटते, पण ते मुळात रंगाचं नाव आहे, पांढरे केस न खाली गुलाबी कातडी. वरातीत दिसतो झकास, पण आपल्या एप्रिल मे च्या उन्हात ती गुलाबी कातडी भाजते, सावलीची सोय नसेल तर त्याच्या नादी लागू नका.

चाल दोघांचीबी रेवाल, म्हणजे एका बाजूचा मागचा पाय न लगेच पुढचा असे चार पाय वेगवेगळे पडतात, बसणारा उडत नाही, मांडीत दुखत नाही. मारवाडीचा खांदा जरा उभा असतो, पाय लांब न बारीक, वाळूतून पाय उचलायला ते बरं पडतं असं म्हणतात. नाचायला शिकवायचा, वरातीला द्यायचा, मान वर काढून चालणारा पाहिजे तर मारवाडीच घ्या, मी दुसरं सांगणार नाही. काठियावाडी जरा आटोपशीर, कमी चाऱ्यात निभावणारा, शेतातून रोज चक्कर मारायची असेल तर मला तोच आवडतो. फक्त दोघांनाबी मागून न बाजूनं चालवून बघा, मागच्या पायाची ढोपरं विळ्यासारखी वाकलेली असतात बऱ्याच जनावरांत, थोडं असलं तर चालतं, जास्त असलं तर सोडा.

आता भीमथडी. भीमेच्या काठचं तट्टू, मराठ्यांच्या फौजेत होतं ते हेच, अलीकडं त्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदबी मिळाली. उंची ५१ इंचाच्या आसपास, कान सरळ, दिसायला काहीच नाही, रील काढली तर कुणी लाईक करणार नाही. पण धनगर आजबी बिऱ्हाड त्याच्यावरच लादून मेंढरामागं फिरतात, खूर टणक, बालाघाटाच्या दगडगोट्यात कुरकुर नाही. लेकराला बसायला शिकवायचंय, बजेट कमी आहे, तर हेच घ्या न चार लोक हसले तर हसू द्या.

रेसमधून निघालेला इंग्लिश घोडा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. ६४ इंच उंची, कातडी पातळ, खुराची भिंत नाजूक, नाल निघाला की आपल्या खडकाळ वाटेवर लंगडलाच, न गावात नाल ठोकणारा नालबंद कुठाय?

आणि कुठलाबी घ्या, खूर उचलून तळवा बघायचा, दोन्ही पुढचे खूर सारखे पाहिजेत, एक अरुंद न एक पसरट असेल तर घोडा एक पाय चोरतोय, म्हणजे त्यावर पुरता भार देत नाही. मग जबडा उघडा, ५ वर्षाला पुढचे सगळे दात पक्के झालेले असतात, त्यात दुधाचा दात दिसला तर "पाच वर्षाचाय" म्हणणाऱ्याला तिथंच दाखवा न भाव पाडा.