बिगुल घ्यायचाय? आधी फुंकून बघा (कॅम्पातल्या दुकानाचा अनुभव)

आमच्या खानापूरकडच्या गावात हुतात्मा जवानाचं स्मारक आहे, तिथं १५ ऑगस्टला लास्ट पोस्ट (हुतात्म्यांना मानवंदना देताना वाजवतात ती बिगुलाची धून) वाजवायची ठरली म्हणून मी ऑनलाइन बिगुल मागवला, ११५० ला. चकचकीत होता पण माउथपीस हलतंय आणि वरचा सूर काही केल्या लागेना. आमचे काका पलटणीच्या बँडमधून रिटायर झालेत, ते म्हणाले हा भिंतीला टांग.

मग तेच मला बेळगावात कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार बघताक्षणी म्हणाले, "हे कशाला फुंकूलालासा, शोपीस हाय हो हे." त्यांनी मेरठहून आलेला तांब्याचा बिगुल काढला, तीन माउथपीस आलटून पालटून लावून बघायला दिले, अर्धा तास गेला तरी कटकट नाही. बिगुलाला बटणं नसतात, पाच-सहा सूर काय ते ओठांच्या ताणावर काढायचे, त्यामुळं नळी जरा दबलेली असली तरी सूर हलतो, हे त्यांनी वाजवून दाखवलं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं ट्रेनिंग सेंटर १९२२ पासून बेळगावात, बिगुल ऐकतच मोठे झालो, पण तो कशासाठी ते काकांकडनं त्या दिवशी कळलं. लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे हलक्या पायदळाचे, शिपाई पांगून लढायचे, त्यांच्यामागं ढोल घेऊन कोण पळणार, म्हणून पुढं सरका, थांबा, मागं फिरा असले हुकूम बिगुलावरच जायचे. आता वायरलेस आहे, तरी पलटणीत सकाळचं उठणं आणि संध्याकाळी झेंडा उतरवणं बिगुलावरच. आणि लढाई लागली की बँडवाले वाद्यं खाली ठेवून जखमींचे स्ट्रेचर उचलतात, काकांचं ते ट्रेनिंग झालेलं, त्यामुळं कोणी बँडवाले काय परेडपुरते असं म्हटलं की मला खरंच राग येतो.

किंमत २६००, कव्हर वेगळं घ्यावं लागलं, आणि दुकान दुपारी बंद असतं, आमचा एक हेलपाटा वाया गेला. पण पैसे वसूल.

नववीतल्या पोराला काकांनी महिनाभर रोज नुसता एक सूर लांब धरायला लावला, मग कॉल शिकवला. १५ ऑगस्टला लास्ट पोस्ट झाली, दोन मिनिटं स्तब्धता, मग राउज, म्हणजे जागं करायची धून. जवानाच्या आईला खुर्ची दिली होती, ती शेवटपर्यंत बसली नाही.