कार्डावरचा रेरा नंबर खरा होता, प्लॉट मात्र खोटा निघाला

पाच लाख चोवीस हजार रुपये. रक्कम पहिल्याच ओळीत लिहिते, कारण गेलं वर्षभर मी नातेवाइकांना "थोडे पैसे अडकलेत" एवढंच सांगत आले. लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग जास्त आहे.

मी सरकारी इस्पितळात ३१ वर्षं नोकरी केली. निवृत्तीचे पैसे होते, माहेरच्या जमिनीतला वाटाही आला होता. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून गोव्यात आमच्या पेडण्यातले जमिनीचे भाव कसे चढले ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलासाठी २०० चौरस मीटर तरी घेऊन ठेवावं, पुढे हातात येणार नाही, असं वाटलं. यात हाव नव्हती. आपल्याच तालुक्यात आपल्या मुलाला दारात तुळस लावण्यापुरती जागा असावी, इतकंच होतं.

दलाल परका नव्हता. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला, चवथीला आमच्याकडे माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) बघायला येणारा. त्याने कार्ड दिलं, त्यावर रेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता. मी वेबसाइटवर तपासला. नाव होतं, फोटो होता, नोंदणीची मुदतही बाकी होती. मी आंधळेपणाने पैसे दिले असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मी तपासलं होतं. पण जे तपासलं ते चुकीचं होतं. तो क्रमांक दलालाचा होता. त्या प्लॉटिंगला, म्हणजे प्रकल्पाला, नोंदणी आहे का, हे मी पाहिलंच नाही. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असली की अशा प्लॉटिंगची रेरात नोंदणी लागते. तिथे तर चुन्याने आखलेले २८ प्लॉट होते. रेरा कायद्याचं कलम १० सांगतं की नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट विकायला नोंदणीकृत दलालाने हातसुद्धा लावायचा नाही. प्रकल्पाचा नंबर वेगळा असतो, दलालाचा वेगळा. दोन्ही मागा.

जागा दाखवायला त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये नेलं. काजूची झाडं नुकतीच कापलेली, बुंध्यांतून चीक वाहत होता, जेसीबीने तांबड्या मातीचा रस्ता काढलेला. आमचा प्लॉट १७ नंबरचा, कोपऱ्यावरचा. दर ९,५०० रुपये चौरस मीटर, म्हणजे एकूण १९ लाख. काजूची बाग म्हटल्यावर ती ऑर्चर्ड झोनमध्ये, म्हणजे बागायतीसाठी राखलेल्या पट्ट्यात, असणार, हे गोव्यात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी विचारलं. "सनद होतेय, फाइल वर गेलीय," असं तो म्हणाला. सनद म्हणजे जमीन बिगरशेती करायचा परवाना. नगर नियोजन खात्यातून झोनिंगचा दाखला स्वतः काढा. फाइल कुठे गेलीय हे दलालाला विचारू नका.

आता तो क्षण, जो रात्री झोप लागू देत नाही.

म्हापशात एका हॉटेलात चहा पिताना त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक-चौदाचा उतारा (आमच्या गोव्यातला सातबारा) काढला. कब्जेदारांच्या रकान्यात सात नावं होती. तिसऱ्या नावावर पिवळ्या पेनाची जाड रेघ ओढलेली. मी बोट ठेवून नावं मोजली. सात. मी विचारलंही, "बाकीचे सहा?" तो म्हणाला, "ताई, सगळी भावंडंच ती. एक मुंबईला, एक बहीण बेळगावला. सगळ्यांचा होकार आहे, कुलमुखत्यारपत्र तयार होतंय." एवढं बोलून त्याने फोल्डर बंद केलं आणि माझ्यापुढे भज्यांची बशी सरकवली.

आणि मी गप्प बसले. मी! दोनच वर्षांपूर्वी माझ्या माहेरची जमीन विकताना आम्ही पाचही भावंडं सहीला हजर होतो. माझे यजमान पाय फ्रॅक्चर असताना टॅक्सीने आले होते, कारण जावयाची सही नसेल तर खरेदीखत होत नाही असं नोटरीने बजावलं होतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून मालमत्तेत नवरा-बायकोचा सामाईक हक्क चालत आलाय. सात नावं म्हणजे सात सह्या नव्हेत, प्रत्येकाच्या नवऱ्याची किंवा बायकोची मिळून तेरा-चौदा. शिवाय इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्ता ठरवणारी कोर्टाची प्रक्रिया, झालेली हवी, वाटणी झालेली हवी. हे सगळं मी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. तरी त्या पिवळ्या रेघेपुढे माझं तोंड बंद झालं, कारण तो भावाचा मित्र होता आणि जास्त विचारलं तर त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं.

यजमान म्हणाले होते, वकिलाकडून टायटल सर्च, म्हणजे मालकीची तपासणी, करून घे. वकिलाने २५,००० सांगितले. ते मी वाचवले.

मी दिलेले पैसे असे: टोकन ५१,००० रोख. मालकाला आगाऊ आणि सनदेसाठी म्हणून ४,००,०००, चेकने, पण चेक दलालाच्या नावाचा. मोजणी आणि वाटणीच्या कागदांसाठी ७५,००० यूपीआयने. दोन टक्के दलाली ३८,००० रोख, करार व्हायच्या आधीच. एकूण ५,६४,०००. पावत्या त्याच्या लेटरहेडवर, मालकाचं नाव एकाही पावतीवर नाही. मी रडारड केल्यावर ४०,००० परत आले, मग फोन उचलणं बंद. कायद्याने विकासकालाही करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. दलालाच्या नावाने चेक तर कधीच फाडू नका.

शेवटी मीच बेळगावच्या बहिणीचा नंबर शोधला. तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या भावाने, त्या पिवळ्या रेघेवाल्याने, हे आरंभल्याचं तिला माझ्याकडून कळलं, आणि फोनवर आम्ही दोघीही रडलो.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला होते. दुसऱ्या दिवशी सांगितलं, हद्द दुसरी. दुसऱ्या हद्दीत सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. मी विचारलं, एकट्या भावाला विकायचा हक्क नसलेली जमीन दाखवून दलालाने पैसे घेतले, ही फसवणूक नाही? त्यावर तो हवालदार म्हणाला, "काकी, तुम्ही शिकलेल्या ना? मग कागद न बघता पैसे कशाला दिले?" म्हणजे चोराची चौकशी नंतर, आधी माझी. पूर्वी ४२० म्हणायचे ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, हे मी त्याला सांगितलं. तक्रार घेतल्याची पोच मिळायला तीन फेऱ्या लागल्या. ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लेखी टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, हे मला खूप उशिरा कळलं.

दलालाची नोंदणी ज्यांच्याकडे असते त्या रेरातही तक्रार केली. वाटलं होतं, यांनीच परवाना दिलाय, हेच कान धरतील. आधी अर्ज चुकीच्या नमुन्यात, मग एक जोडपत्र कमी, मग समोरच्या वकिलाला तारीख हवी. त्याचं म्हणणं काय, तर अशील फक्त मध्यस्थ आहे, मालकाला पक्षकार करा. पैसे घेताना मध्यस्थ नव्हता का? कायद्यात ६० दिवसांत निकालाची अपेक्षा लिहिलीय. माझा आठवा महिना चालू आहे. कलम ९ खाली फसवणूक सिद्ध झाली तर नोंदणी रद्द किंवा निलंबित होऊ शकते. कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड, पण जास्तीत जास्त प्लॉटच्या किमतीच्या पाच टक्के. माझ्या बाबतीत ९५,०००. आणि तो दंड सरकारी तिजोरीत जातो, मला त्यातला एक पैसाही नाही. माझ्या पैशांसाठी वेगळी लढाई. हे कुणी आधी सांगत नाही, सगळे म्हणतात, "रेरात जा, पैसे मिळतील."

या सगळ्या काळात त्याची नोंदणी चालूच आहे. गेल्या आठवड्यात माझ्या भाचीला त्याचाच मेसेज आला, दुसऱ्या गावातल्या प्लॉटचा, खाली तोच नंबर.

आपला सर्वे नंबर टाकून उतारा घरबसल्या बघता येतो. नावं मोजा. कुळाचा रकाना बघा, मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहायचा कायदेशीर हक्क असलेल्याचं) घर जागेवर आहे का ते चालत जाऊन बघा. व्हॉट्सॲपवरचा होकार म्हणजे सही नव्हे. आणि ओळखीचा माणूस असेल तर दुप्पट विचारा, वाईट वाटलं तर वाटू दे.

त्या २८ पैकी अकरा दगडांवर मी तेव्हा लाल रंगाने "बुक" लिहिलेलं पाहिलं होतं. एक माझा. उरलेले दहा जण कोण ते मला माहीत नाही. तुम्ही त्यातले असाल तर लाजू नका, पावत्या घेऊन आपापली तक्रार दाखल करा. एकटीची तक्रार आली की ते म्हणतात व्यवहारातला वाद आहे. अकरा आल्या तर त्यांना तसं म्हणता येणार नाही.