क्वेबेकचे पूर्वज शोधताना: फुकटच्या नोंदी की पैसे भरून?

घरात कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताची सून किंवा जावई आला आणि नातवंडांसाठी तिकडचीही वंशावळ लावायची ठरली, की चार पर्याय समोर येतात: फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ, तांग्वे यांचा घराण्यांचा कोश, पीआरडीएच हा नोंदींचा संग्रह आणि जेनेआलॉजी क्वेबेक हे वर्गणीचं संकेतस्थळ. पहिले दोन फुकट, उरलेल्या दोन्हींना पैसे पडतात. पण किंमत नंतर बघा. आधी तुमचा माणूस नावापाशी अडकलाय (नाव बदलल्यामुळे सापडत नाही) की कागदापाशी (नोंदीचं पानच हाती लागत नाही), ते ठरवा.

नावापाशी अडकायला तिथे भरपूर वाव आहे. फ्रेंच वसाहतीत पुष्कळ घराण्यांच्या आडनावाला 'दी' लावून दुसरं नाव जोडलेलं असे. आपलं 'उर्फ' समजा. सैनिकांना ही नावं बहुधा पलटणीत मिळत: सांसूसी, लाज्योनेस, जोलीकर. पुढच्या पिढ्यांत कुणी मूळ नाव धरलं, कुणी जोडलेलं. क्वेबेकमधल्या रिव्हिएर-उएल गावी स्थायिक झालेल्या पिएर ह्यूदों दी बोल्योचे वंशज आज कुणी ह्यूदों आहेत, कुणी बोल्यो. त्यात अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत गेलेला एखादा ब्वाव्हेर तिथे नावाचं इंग्रजी भाषांतर करून ग्रीनवुड होऊन बसतो.

पहिल्या नावांचा घोळ वेगळाच. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलींना मारी आणि मुलांना जोझेफ सर्रास आधी लावत. हाक मारायचं नाव त्यानंतरचं. ते नाव अनेकदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं. बाळ दगावलं तर पाठच्या भावंडाला तेच नाव देत. त्यामुळे एकाच घरात दोन जां-बातिस्त निघाले, तर आधी थोरल्याची दफननोंद शोधावी. बायकांच्या बाबतीत मात्र मोठी सोय: लग्नानंतरही चर्चच्या वहीत माहेरचंच आडनाव.

फॅमिलीसर्चवर १६२१ ते १९७९ या काळातल्या कॅथलिक चर्चच्या वह्यांची छायाचित्रं आहेत. खातं उघडा आणि बघा. मात्र अक्षर लावणं तुमच्याकडे, आणि सूचीत नाव जसं वाचलं गेलं तसंच. 'बोल्यो' शोधलंत आणि वहीत 'ह्यूदों' असेल, तर हात हलवत परत.

पाद्री सिप्रियँ तांग्वे यांचा कोश सात खंडांचा, १८७१ ते १८९० मध्ये निघालेला. एकट्या माणसाने उपसलेलं हे काम थक्क करणारं आहे, पण चुकाही आहेत. त्यावर शेवटची भिस्त ठेवू नये. सातव्या खंडातल्या जोडनावांच्या यादीसाठी तरी तो उघडाच.

पीआरडीएच हा मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू झालेला प्रकल्प. १६२१ ते १८४९ मधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं एकमेकांशी जुळवून त्यांनी कुटुंबंच उभी केली आहेत. वेगवेगळी स्पेलिंगं एका प्रमाण रूपाखाली आणलेली असल्यामुळे नावाचा गुंता इथे सर्वांत लवकर सुटतो. पैसे मात्र पाहिलेल्या नोंदीगणिक कापले जातात, म्हणजे सहज चाळत बसायची ही जागा नव्हे.

जेनेआलॉजी क्वेबेकची वर्गणी मुदतीवर असते. १९४० च्या दशकात मायक्रोफिल्म केलेल्या द्रुएँ संग्रहाची, म्हणजे चर्चच्या वह्यांची, पानं तिथे आहेत, आणि लग्नांची सूची विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत येते. पणजीपासून मागे जाणाऱ्याला हेच सोयीचं. सुट्टी बघून एक महिना घ्यावा आणि भरपूर पानं उतरवून ठेवावीत.

माझा कौल असा: वर्गणीचा तो महिना आधी, पीआरडीएचवर नोंदी पाहण्याचा लहानात लहान संच त्यानंतर, आणि तोही अडेल तिथेच वापरायचा. अडतं कुठे? पहिलेपणाच्या लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या दोघांच्याही आईवडिलांची नावं बहुतेक मिळतात, म्हणून लग्नामागून लग्न धरत मागे जाता येतं. पण विधुर किंवा विधवेचं लग्न असलं की पाद्री आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचं नाव लिहून मोकळा होतो. तिथे साखळी तुटते. मग आधीचं लग्न हुडकावं लागतं, आणि ते दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच आडनावाखाली लागलेलं असू शकतं. पीआरडीएचवर पैसे तिथे खर्च करा.