गाय फॉक्स मुखवटा : प्लास्टिक दणकट, इलॅस्टिक कच्चं (५ पैकी ३)

भाच्याच्या कॉलेजच्या पथनाट्यासाठी पाच मुखवटे मागवले, प्रत्येकी १८० रुपये. प्लास्टिक चांगलं जाड आहे, मिशीचा रंग नखानं खरवडला तरी निघत नाही. पण इलॅस्टिक नुसतं स्टेपल केलेलं. पहिल्याच तालमीत दोन सुटली. शेवटी सुई तापवून भोकं पाडली आणि नाडी ओवली. चष्मा आत मावत नाही, आणि तोंडाची फट एवढीशी की आवाज आतच घुमतो, कोण बोलतंय ते कळत नाही.

हे शेवटचं मला फार जवळून माहीत आहे. माझा जुना मुखवटा ९ जून २०१२ चा, आझाद मैदानावरचा. विमिओ, पायरेट बे अशा व्हिडिओ आणि फाइल देवाणघेवाणीच्या साइट भारतात बंद केल्या म्हणून अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे हाच मुखवटा खूण म्हणून वापरणाऱ्या निनावी हॅकर-कार्यकर्त्यांच्या, हाकेवर त्या दिवशी देशभर अनेक शहरांत लोक जमले होते. शेजारच्यानं माझी बाटली मागितली, मुखवटा नाकापर्यंत उचलून दोन घोट घेतले आणि परत दिली. तो कोण, मला आजही माहीत नाही. इतकं आपलं माणूस मला क्वचित भेटलंय.

आणि त्याच मुखवट्यानं आम्हाला फोडलं. त्याआधी मे महिन्यात अ‍ॅनॉनिमसच्या नावानं सुप्रीम कोर्टाची आणि काँग्रेसची साइट पाडली गेली होती. आमच्या चॅटरूममध्ये निम्मे म्हणत, हाच खरा दणका. मी म्हणत होते, बंदीविरुद्ध भांडताना आपणच दुसऱ्याची साइट कशी बंद पाडायची? निर्णय करणार कोण? नेता नाही, सभासद नाहीत; मुखवटा घालेल तो अ‍ॅनॉनिमस. २००८ मध्ये सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाविरुद्धच्या निदर्शनांपासून हेच भांडण आहे : गंमत म्हणून आलेले एकीकडे, तळमळीनं आलेले दुसरीकडे. २०११ मध्ये तर अ‍ॅनऑप्सच्या, म्हणजे अ‍ॅनॉनिमसच्या चॅट नेटवर्कच्या, एका चालकानंच तिथल्या लोकांचे आयपी पत्ते, ज्यावरून माणूस शोधता येतो, उघडे केले.

पण खरा घाव साबूचा. साबू म्हणजे हेक्टर मॉन्सेगर, अ‍ॅनॉनिमसमधला नावाजलेला हॅकर. तो जून २०११ पासून एफबीआयला मिळालेला होता, हे मार्च २०१२ मध्ये बाहेर आलं. त्याच्या मदतीनं पकडलेल्या जेरेमी हॅमंड या हॅकरला पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. साबू सात महिने आत काढून सुटला. साबू फितूर असल्याची ती मार्चमधली बातमी आल्यापासून आमच्याकडे मतभेद झाला की समोरचा थेट खबऱ्या ठरायचा. जुलैत मलाही कुणीतरी तसं म्हणालं. कोण, ते विचारायची सोय नव्हती. मी बाहेर पडले, आणि ते अजून सलतं.

म्हणून भाच्याच्या ग्रुपला मुखवट्यांच्या आतून मार्करनं आपापली नावं लिहायला लावली. आतला भाग खरबरीत आहे, शाई नीट बसते.

मागवणार असाल तर सोबत नाडी घ्या, मुखवट्यामागे एक मीटर.