बोलेन-पियर्स की कार्लोसची अल्फा: सप्तक सोडायचं ठरलंच असेल तर

समान 12 स्वरांना कंटाळलेले बहुतेक जण 19, 22 किंवा 31 भागांच्या सप्तकाकडे वळतात आणि तिथेच रमतात. पण ज्यांना तारषड्जच नको असतो, दुप्पट कंपनसंख्येवर मालिका पुन्हा सुरू होणंच ज्यांना टाळायचं असतं, त्यांच्यासमोर दोन स्वरमालिकांची नावं हमखास येतात: बोलेन-पियर्स आणि इलेक्ट्रॉनिक संगीतकार वेंडी कार्लोसची अल्फा. मी दोन्हींत बरंच काम केलं आणि आता एकीवर स्थिरावलो आहे. माझं कारण तुम्हाला लागू पडेलच असं नाही, पण निवड करायची असेल तर ते ऐकून घ्यावं असं वाटतं.

पहिल्या भेटीत अल्फाच मन जिंकते. कार्लोसनं सप्तकाऐवजी पंचमाचे 9 समान भाग केले. एक पायरी 78 सेंटला किंचित कमी (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200 वा भाग). त्यामुळे पंचम जवळजवळ शुद्ध लागतो. पाचव्या पायरीवरचा गंधार 390 सेंटचा (शुद्ध 386) आणि चौथ्या पायरीवरचा कोमल गंधार 312 चा (शुद्ध 316). नेहमीच्या कीबोर्डवर हेच दोन स्वर 400 आणि 300 वर असतात, म्हणजे दोन्हीकडे 14 ते 16 सेंटची ओढाताण. अल्फात मेजर कॉर्ड धरला की तो शांत उभा राहतो. तिच्या बहिणी बीटा आणि गॅमा यांबद्दल इथे फार लिहीत नाही. गॅमा शुद्धतेत सर्वांत पुढे आहे, पण 35 सेंटच्या पायऱ्यांमुळे 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर दोन सप्तकंही पुरी मावत नाहीत.

बोलेन-पियर्सचा मार्गच वेगळा. हाइन्झ बोलेन, केस व्हॅन प्रोइयेन आणि जॉन पियर्स हे तिघं 1970 आणि 80 च्या दशकांत स्वतंत्रपणे या मालिकेपाशी पोहोचले. इथे मालिका 3:1 वर, म्हणजे आपल्या तारपंचमावर परतते आणि त्या अंतराचे 13 भाग होतात. पायरी 146 सेंटची, अर्ध्या स्वराहून मोठी आणि पूर्ण स्वराहून लहान. मेजर कॉर्डच्या 4:5:6 या कंपनसंख्यांच्या प्रमाणाच्या जागी 3:5:7 हा मूळ कॉर्ड. पहिल्यांदा ऐकताना कान बिचकतो, आणि पंचम तर मिळतच नाही: जवळची जागा 731 सेंटवर आहे, तिला कोणी पंचम म्हणणार नाही. ज्यांना पंचमाशिवाय चैन पडत नाही त्यांनी इथे येऊ नये, हे मी मनापासून सांगतो.

मग माझा कौल बोलेन-पियर्सकडे कशावरून गेला? अल्फाची गोडी जवळच्या स्वरांपुरतीच टिकते म्हणून. हाताच्या एका पकडीत कॉर्ड सुरेख वाजतो, पण तोच जरा पसरवायला गेलं की सगळं सुटतं. वरच्या सप्तकातला गंधार (5:2) 1586 सेंटवर हवा. अल्फात विसाव्या पायरीवर 1559 मिळतो, एकविसाव्या पायरीवर त्याहूनही वाईट. तारपंचम हवा तर 1902 ऐवजी 1871. मूळ स्वराला आधार द्यायला तोच एक सप्तक खाली घ्यावा म्हटलं, तर पंधरा पायऱ्यांवर 1170 सेंटचं आखूड सप्तक हाती येतं. खालचा खर्ज 220 हर्ट्झचा धरला तर वरचा स्वर 432 च्या आसपास पडतो, आणि खर्जाच्या स्वतःच्या 440 च्या हार्मोनिकशी (मूळ स्वरासोबत आपोआप वाजणारा, त्याच्या पटीतला वरचा स्वर) त्याचे सेकंदाला सात-आठ ठोके पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा कमी-जास्त होतो. हे मी फार काळ सहन करू शकलो नाही. रचना थोडी मोठी झाली, खालचा आवाज आणि वरची चाल यांत अंतर पडलं, की प्रत्येक वेळी तीच खरखर.

आता गंमत अशी की बोलेन-पियर्समध्येही आठव्या पायरीवर अगदी हाच 1170 सेंटचा स्वर आहे. फरक आवाजाच्या जातीत आहे. बोलेन-पियर्सची मुख्य स्वरांतरं 5:3, 7:5, 7:3, 9:7 अशी, दोन्हीकडे विषम आकडे असलेली. त्यामुळे ज्या आवाजात फक्त विषम हार्मोनिक प्रबळ असतात, म्हणजे स्क्वेअर वेव्ह किंवा क्लॅरिनेटचा खालचा भाग, त्यात ही अंतरं एकमेकांत बसतात आणि त्या आखूड सप्तकाला भांडायला दुसरं हार्मोनिक उरतच नाही. क्लॅरिनेट जोरात फुंकल्यावर तारपंचमावरच उडी घेतं. टोरंटोच्या स्टीफन फॉक्स यांनी याच मालिकेची क्लॅरिनेट बनवली ती उगाच नव्हे. अल्फाला ही पळवाट नाही. 3:2 चा पंचम घट्ट बसतो तो वरच्या स्वराच्या दुसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे सम हार्मोनिक काढले तर खरखर जाईल, पण पंचमाची गोडीही त्यासोबत जाईल.

शिवाय 3:1 शुद्ध असल्यामुळे बोलेन-पियर्समधलं कुठलंही अंतर 13 पायऱ्यांनी पसरवलं तरी त्याचा बरेवाईटपणा तसाच राहतो. खर्ज कितीही खाली नेता येतो. माझ्या मते मालिका कुठेतरी परत यायला हवी. ती सप्तकावरच यावी असं मात्र नाही.

गॅरी मॉरिसन यांची 88 सेंटची मालिका सुचवणारेही भेटतात. तिच्यात 704 चा पंचम आणि 968 चा, 7:4 च्या अगदी जवळचा, सप्तम मिळतो. तो सप्तम ऐकण्यासारखा आहे. पण तारपंचम तिथेही 34 सेंटनी चुकतो, म्हणजे माझी अडचण तशीच राहिली.

तुम्ही तंतुवाद्याच्या किंवा भरगच्च सिंथच्या आवाजात, अरुंद पट्ट्यात, जवळजवळच्या कॉर्डांवर लिहीत असाल तर अल्फा घ्यावी; त्या कामात बोलेन-पियर्स तिच्या जवळपास जात नाही. बाकीच्यांना मी बोलेन-पियर्सकडे ढकलेन. कीबोर्डवर 13 पायऱ्या 12 पट्ट्यांच्या रचनेत बसत नाहीत, सी वरून निघालात की परत येता सी शार्पवर, आणि बोटांना ते नव्याने शिकावं लागतं. स्काला फाइलची (सिंथला स्वरमालिका सांगणाऱ्या फाइलची) शेवटची ओळ 3/1 आहे ना ते तपासा, स्क्वेअर वेव्ह लावा, 0, 6 आणि 10 या पायऱ्या एकत्र धरा, मग मधला स्वर 4 वर आणा आणि सगळ्यात खालचा स्वर 13 पायऱ्या खाली न्या. हेच अल्फात पंचमाचा कॉर्ड घेऊन करून पाहा आणि खर्ज खाली नेल्यावर कुठला कॉर्ड टिकतो ते ऐका.