सिल्व्हिया एस१५: दहा महिने आणि इंटरकूलरचा एक जोड

मे महिन्यात जपानमधल्या त्सुकुबा रेस सर्किटवर, माझ्या निसान सिल्व्हियाला मागच्या सरळ पट्टीवर चौथा गिअर टाकला आणि बॉनेटखालून 'फट्ट' आवाज आला. बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा, काटा शून्यावर, मागे काळा धूर, गाडी बंद. टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप सिलिकॉनच्या होजमधून, म्हणजे लवचीक नळीतून, निसटला होता. इबाराकीतल्या त्या ट्रॅकवरून टोकियोतल्या निशी-कासाईपर्यंत गाडी ओढून आणायचा खर्च अजून जिवाला लागतो.

गाडी २००० सालची स्पेक आर, म्हणजे टर्बोवाली. मुळात २५० पीएस (अश्वशक्ती). आता मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, पेट्रोलचा नवा पंप, ट्यून केलेला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), बूस्ट दर चौरस सेंटीमीटरला १.२ किलो. ताकदीबद्दल सगळेच लिहितात. मला त्या जोडाबद्दल लिहायचंय.

काळा धूर का, तर हवा मोजणारा सेन्सर पार एअर फिल्टरपाशी असतो. मोजलेली हवा निसटलेल्या जोडातून बाहेर गेली तरी ईसीयू तिच्या हिशोबाने पेट्रोल सोडतच राहतो. प्लग ओले होतात, इंजिन बसतं.

मी होज आवळणाऱ्या सगळ्या जुबिली क्लिपा (स्क्रूच्या पट्ट्या) काढून जास्त घट्ट बसणारे टी-बोल्ट क्लॅम्प लावले. तेव्हा लिहायला बसलो असतो तर 'जुबिली क्लिपा फेका' एवढंच सांगितलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं. जुलैत तोच जोड पुन्हा निसटला. होजच्या आत बोट फिरवलं तर तेलाने काळं झालं. पिस्टनच्या कडेने खाली उतरणारा ब्लो-बाय वायू तेलाची वाफ घेऊन इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, येतो आणि होज आतून बुळबुळीत होते. त्यात गॅरेजवाल्यांनी पाइप आखूड करताना टोकाचा उंचवटाच कापून टाकलेला. मला कोणी सांगितलं नाही. बिलात कापायची मजुरी मात्र लावली होती. होजला अडकायला काही उरलंच नाही, मग क्लॅम्प कितीही आवळा. जपानमध्ये तेरा वर्षं उलटलेली गाडी म्हणून ३९,५०० ऐवजी ४५,४०० येन रोड टॅक्स भरतो, त्याला इलाज नाही. पण ही मजुरी मी विसरणार नाही.

दुसऱ्या गॅरेजातून टोकाला उंचवटा काढून घेतला, जोड ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे केले, त्या वायूतलं तेल वाटेतच अडवणारा कॅच टँक बसवला. त्याची नळी हवेत उघडी सोडू नका. वायू परत इनटेकलाच न्यावा लागतो, नाहीतर शाकेनला, म्हणजे जपानच्या सक्तीच्या वाहन तपासणीत, गाडी नापास.

परवा त्सुकुबाला वीस लॅप मारले. टर्बो भरताना पाठ सीटला चिकटते, ते सुख आहे तसंच आहे. घरी येऊन कॅच टँक उघडला, दोन चमचे तपकिरी पाणचट तेल निघालं. जाताना होजच्या कडेला पाइपवर पांढऱ्या मार्करने रेघ मारून ठेवली होती. टॉर्च लावून पाहिली. होज रेघेवरच होती.